असई न पाहिलेला माणूस

जालन्याहून राजूरच्या गणपतीला हात जोडून भोकरदनकडे निघालं की दोन्ही बाजूंना कपाशी, मका आणि पिवळं पडत चाललेलं सोयाबीन लागतं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची-भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या नावांत या गावची माणसं सापडतात, म्हणजे गाव दोन हजार वर्षांपूर्वीही खातंपितं होतं. तिथून पुढे केळणा नदीच्या अंगाने गेलं की दोन गावं नदीच्या दोन काठांवर एकमेकांसमोर बसलेली दिसतात, पिंपळगाव आणि वरूड. उत्तरेला जुई नदी आहे. केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात एक लहानसं गाव आहे, असई. इंग्रजांच्या लष्करी इतिहासात हे नाव ‘असाये’ म्हणून अजरामर झालं. आपल्याकडे ते शालेय पुस्तकातल्या एका ओळीपुरतं उरलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी तिथे गेलो होतो. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “काय पाहायला आलात सर? इथं काही नाही.” मी म्हटलं, “काका, नदीला उतार कुठं आहे?” त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “कोणता? गुरांचा, का गाड्यांचा?”

या एका प्रश्नावर २३ सप्टेंबर १८०३ चा दिवस उभा होता. त्या दिवशी दुपारी चौतीस वर्षांचा एक इंग्रज सेनापती केळण्याच्या दक्षिण काठावर दुर्बीण घेऊन उभा होता. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचं प्रचंड सैन्य, शंभरावर तोफा. वाटाड्यांनी सांगितलं, नदी इथे ओलांडता येत नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने मनाशी हिशेब केला, की माणसं अशी समोरासमोर घरं बांधून राहत असतील तर त्यांची येजा असणारच, आणि येजा असेल तर उतारही असणार. उतार होता. त्यातून त्याचं सैन्य पार झालं. हा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आयुष्यभराच्या लढायांत आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लू नव्हे, असई सांगितली म्हणतात. बायाबापड्यांनी आणि गुरांनी पायाखाली घालून घालून केलेली वाट त्याला सापडली होती, एवढं मात्र खरं.

पण हा लेख त्याच्यावर नाही. या लढाईवर लंडनच्या पार्लमेंटात उभं राहून “हे युद्ध आपण करायला नको होतं” असं म्हणणाऱ्या माणसावर आहे. त्याचं नाव फिलिप फ्रान्सिस. त्याने दख्खन कधी पाहिलं नाही, केळणा नाही, जालना नाही. तरीही त्याच्या आयुष्यातले दोन मोठे सामने मराठ्यांमुळे झाले, आणि त्यातल्या एका सामन्यात त्याच्या अंगात गोळी घुसली.

मराठ्यांचा इतिहास लिहिताना आपण या माणसाला एखाद्या ओळीत उरकतो. हेस्टिंग्जचा वैरी, कौन्सिलातला भांडखोर, संपला विषय. त्यात खोटं काही नाही. तो वैरी होताच आणि भांडखोर तर भलताच होता. मला मात्र हाच प्रश्न गेली काही वर्षं सतावतो, की विरोध करणारा माणूस मनाने निर्मळ नसेल तर त्याचा विरोध खोटा ठरतो का?

फ्रान्सिसचा जन्म १७४० चा, डब्लिनचा. वडील पाद्री, पण त्यांची ख्याती होरेसच्या इंग्रजी भाषांतरासाठी. मुलगा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला आणि युद्ध खात्यात कारकून म्हणून चिकटला. कारकुनाला हाताशी कागद असतात, आणि कागद वाचणाऱ्याला सरकारची अंडीपिल्ली कळतात. १७६९ ते १७७२ या काळात ‘ज्युनियस’ या टोपणनावाने लंडनच्या वर्तमानपत्रात मंत्र्यांची, अगदी राजाचीही सालटी काढणारी पत्रं छापून येत होती. ती कोणी लिहिली हे त्या वेळी कोणाला कळलं नाही. आज बहुतेक अभ्यासकांचं बोट फ्रान्सिसकडे जातं. त्याने हयातीत कधी कबूल केलं नाही, पण सत्तरी ओलांडल्यावर दुसरं लग्न केलं तेव्हा नवरीला भेट म्हणून ज्युनियसच्या पत्रांचं पुस्तक दिलं. असली सूचक कबुली त्याच्या स्वभावाला धरूनच होती.

१७७३ च्या नियामक कायद्याने बंगालच्या गव्हर्नर जनरलच्या मदतीला चार सभासदांचं कौन्सिल आलं. त्यात फ्रान्सिसची वर्णी लागली, वर्षाला दहा हजार पौंड पगार. कारकुनाच्या दृष्टीने ही लॉटरीच. १७७४ च्या ऑक्टोबरात क्लेव्हरिंग आणि मॉन्सन या दोन सभासदांसह तो कलकत्त्याला उतरला. किल्ल्यावरून सलामीच्या तोफा सतराच झाल्या. एकवीस अपेक्षित होत्या. तिथूनच बिनसलं, असं सांगतात. तोफा मोजणारी माणसं पुढे काय काय मोजत बसणार, हे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. हेस्टिंग्जच्या बाजूला फक्त चौथा सभासद बारवेल. नव्यांचं तीन विरुद्ध दोन असं बहुमत झालं आणि गव्हर्नर जनरल आपल्याच कचेरीत अल्पमतात गेला.

आता पुण्याकडे या. पेशवा नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे पुण्याच्या कारभाऱ्यांनी, त्याच्या चुलत्याला राघोबाला बाजूला सारलं होतं. मार्च १७७५ मध्ये राघोबाने मुंबईच्या इंग्रजांशी सुरतेला तह केला. सैन्याची मदत द्या, मला पेशवा करा, साष्टी आणि वसई घ्या. कलकत्त्याला न विचारता मुंबईकरांनी लढाई सुरू केली. अशी आली परकी लष्करी ‘मदत’. ती मागितलीही आपल्याच माणसाने. कलकत्त्याच्या बहुमताने मुंबईवर आसूड ओढला: युद्ध अन्यायाचं आहे, धोक्याचं आहे, आणि आम्ही त्याला परवानगी दिलेली नाही. कर्नल अप्टनला पुण्याला धाडलं गेलं आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. सखारामबापू आणि नाना फडणवीस यांच्याशी झालेल्या या तहात इंग्रजांनी राघोबाचा पक्ष सोडायचं मान्य केलं. साष्टी मात्र सोडली नाही. न्यायाची भाषा करतानाही जमीन सुटत नव्हती, हे फ्रान्सिसच्या बाजूचं कौतुक करताना विसरू नये.

मुंबईकरांनी तह मनावर घेतला नाही, लंडनच्या डायरेक्टरांनी मुंबईचीच री ओढली. पुढे कलकत्त्यात दोन मृत्यू झाले, १७७६ मध्ये मॉन्सन आणि १७७७ मध्ये क्लेव्हरिंग. बहुमत हेस्टिंग्जकडे फिरलं. त्याने बंगालची फौज थेट हिंदुस्थान आडवा कापत पश्चिमेकडे पाठवली. फ्रान्सिस प्रत्येक बैठकीत विरोधाची टिपणं लिहीत राहिला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईची फौज महादजी शिंद्यांच्या कोंडीत सापडली आणि अपमानाचा करार करून सुटली. फ्रान्सिसला आनंद झाला नसेल असं म्हणवत नाही.

त्याच काळात त्याचं खासगी आयुष्यही काही निवांत नव्हतं. १७७८ च्या डिसेंबरात एका रात्री तो ग्रँड नावाच्या कंपनीच्या नोकराच्या घरी, नवरा बाहेर असताना, पकडला गेला. सुप्रीम कोर्टाने पन्नास हजार रुपयांचा दंड ठोठावला. ती कॅथरीन ग्रँड पुढे पॅरिसला गेली आणि फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरां याची बायको झाली. पत्त्यांच्या डावात बारवेलकडून फ्रान्सिसने जिंकलेल्या रकमेच्या गोष्टी कलकत्त्यात अनेक दिवस चघळल्या गेल्या. मुद्दा एवढाच की हा कोणी व्रतस्थ गांधीवादी नव्हता.

१७८० च्या सुरुवातीला बारवेल विलायतेला निघाला. तो गेला तर हेस्टिंग्ज पुन्हा अडचणीत. म्हणून एक समझोता झाला: फ्रान्सिसने मराठ्यांविरुद्धच्या युद्धात आडकाठी करायची नाही. फ्रान्सिसच्या मते त्याने चालू मोहिमेपुरतीच कबुली दिली होती. हेस्टिंग्जच्या मते सगळ्या युद्धाची. उन्हाळ्यात महादजींच्या मुलखावर नवी आघाडी उघडायचं ठरलं तेव्हा फ्रान्सिसने पुन्हा नाही म्हटलं. इंग्रज अधिकारी पॉपहॅमने ३ ऑगस्टच्या रात्री ग्वाल्हेरचा किल्ला शिडी लावून घेतला. हेस्टिंग्जचं पारडं जड झालं. त्याच सुमारास त्याने कौन्सिलच्या दप्तरात एक टिपण नोंदवलं. या माणसाचं सार्वजनिक वागणं मी त्याच्या खासगी वागण्यावरून जोखतो आणि त्यात मला सत्य किंवा अब्रू आढळलेली नाही, असा त्याचा आशय. त्या काळी एका सभ्य गृहस्थाने दुसऱ्याबद्दल असं कागदावर उतरवलं की पुढचा कागद नसे, पिस्तूल असे.

१७ ऑगस्ट १७८०, सकाळ. कलकत्त्याच्या दक्षिणेला अलीपूरला, बेल्व्हेडियर बंगल्याजवळच्या झाडीत दोघं उतरले. हेस्टिंग्जकडून कर्नल पिअर्स, फ्रान्सिसकडून कर्नल वॉटसन. चौदा पावलांचं अंतर. दोघांनाही पिस्तुलाची सवय नव्हती. पहिल्यांदा चाप ओढला तेव्हा फ्रान्सिसची दारू ओली निघाली, पुन्हा भरावं लागलं. मग फ्रान्सिसची गोळी चुकली, हेस्टिंग्जची त्याच्या उजव्या कुशीत शिरली. तो खाली कोसळला आणि आपण मेलो असं समजला. मेला नाही. हेस्टिंग्जने प्रकृतीची चौकशी केली, भेटायला येऊ का विचारलं. फ्रान्सिसने कळवलं की यापुढे आपली भेट फक्त कौन्सिलच्या मेजावर. मराठ्यांशी लढावं की नाही यावरून ब्रिटिश हिंदुस्थानच्या पहिल्या दोन माणसांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, आणि पुणे दरबारातल्या कोणाचं बोटही त्यात नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी फ्रान्सिस जहाजात बसला. पुढे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. सात वर्षं लढून इंग्रज जवळजवळ पुरंदरच्या तहापाशीच परत आले.

लंडनला गेलेला फ्रान्सिस १७८४ मध्ये खासदार झाला. हिंदुस्थानचा एवढा माहीतगार माणूस, पण मनात एकच गाठ. हेस्टिंग्जवरच्या महाभियोगाचे आरोप तयार करताना एडमंड बर्कने त्याच्याकडून कागदांचे गठ्ठे आणि तपशील घेतले. पण १७८८ मध्ये खटला सुरू होण्याआधीच आरोप चालवणाऱ्या समितीत फ्रान्सिसला घ्यायला कॉमन्स सभागृहाने नकार दिला. खाजगी वैर असलेला माणूस फिर्यादी कसा होईल, हा सभागृहाचा मुद्दा. रास्त होता. खटला सात वर्षं रेंगाळला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. फ्रान्सिस त्या काळात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलला, संसदीय सुधारणांच्या गटात गेला, बंगालच्या जमीनमहसुलावर त्याने मांडलेल्या विचारांतून पुढे कायमधाऱ्याला वाट मिळाली. हा सगळा भाग मी इथे भरभर सांगतो, कारण मला जायचंय १८०४ मध्ये.

१८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेला धूळ चारली. दुसरा बाजीराव पळाला, इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह केला. कंपनीची निदान सहा हजार पायदळ फौज कायमची पेशव्यांच्या मुलखात राहील, तिच्या खर्चापोटी वर्षाला सव्वीस लाखांचा मुलूख कंपनीला मिळेल, आणि परराष्ट्रांशी बोलणी इंग्रजांना विचारूनच होतील. नाना फडणवीसांनी आयुष्यभर जी तैनाती फौज दारात येऊ दिली नाही, ती त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत घरात आली. पुन्हा मागणारा आपलाच. राघोबाचा मुलगा. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने बाजीरावाला पुण्याच्या गादीवर बसवलं. आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली तेव्हा कलकत्त्याला गव्हर्नर जनरल. शिंदे आणि भोसले यांनी तह मानला नाही. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडलं. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेला बदनापूरला दोन्ही इंग्रज सरदार भेटले, दोन वाटांनी निघाले, आणि २३ ला वेलस्ली एकटाच केळण्याच्या काठी मराठी फौजेसमोर आला.

लढाईचं वर्णन इथे करत नाही, इंग्रजांनी ते भरपूर केलंय. फक्त आकडे. शिंद्यांच्या कवायती पलटणी सुमारे दहा हजारांच्या, त्यांचा सेनापती पोलमन हॅनोव्हरचा. घोडदळ धरून मराठी फौज पन्नास हजारांच्या घरातली. वेलस्लीकडे लढाईच्या फळीत साडेचार हजारांच्या आसपास, त्यातही बरेचसे मद्रासचे शिपाई. एका अधिकाऱ्याने चुकीच्या दिशेने पुढाकार घेतला आणि ७४वी हायलँडर पलटण असईच्या मातीच्या भिंतींसमोर तोफांच्या तोंडी सापडली; तिचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. इंग्रजांकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. म्हणजे तिघांतला एक. मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत, तोफेशीच मेले, हे शत्रूनेच लिहून ठेवलंय. गावातल्या कोणाची मोजणी कोणीच केली नाही. खळं, कणगी, गुरं, विहीर यांच्या नुकसानीचा आकडा कोणत्याही खलित्यात नसतो.

१८०४ च्या वसंतात बातमी लंडनला पोचली. सगळीकडे जयजयकार. आणि त्याच वेळी कॉमन्समध्ये चौसष्टीकडे झुकलेला फ्रान्सिस उभा राहिला. त्याचं हत्यार साधं होतं, तुमचाच कायदा. १७८२ मध्ये याच सभागृहाने ठराव केला होता, १७८४ च्या पिटच्या कायद्यात तो शब्दशः घातला होता, की हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं हे या राष्ट्राच्या इच्छेला, अब्रूला आणि धोरणाला धरून नाही. मग हे काय चाललंय? पेशव्याला मदत, की पेशव्याच्या नावाने राज्य? कागद दाखवा. युद्ध कोणाच्या हुकमाने सुरू झालं, ते सभागृहासमोर येऊ द्या. पुढच्या वर्षीही त्याने हाच मुद्दा लावून धरला. १८०५ मध्ये ही भाषणं पुस्तकरूपात छापली, मराठ्यांविरुद्धच्या युद्धावरची भाषणं अशा नावाने.

उत्तर दिलं ते हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे याने. सरकारची बाजू, अर्थातच. गंमत अशी की याच कॅसलरेने वसईच्या तहाबद्दल स्वतःच्या शंकांचं लांबलचक टिपण त्याच सुमारास गव्हर्नर जनरलला लिहून पाठवलं होतं: या तहाने आपण मराठ्यांच्या भांडणात कायमचे गुंततो, हे शहाणपणाचं आहे का? आर्थर वेलस्लीने त्याचं खंडन लिहिलं. म्हणजे मंत्र्याला जे पटत नव्हतं ते तो खासगीत लिहीत होता, आणि फ्रान्सिस तेच सभागृहात म्हणाला की त्याला बसवत होता. मतदानात फ्रान्सिस हरला. त्याच सभागृहाने वेलस्ली आणि उत्तरेत लढलेला सेनापती लेक यांचे आभार मानले.

पण हवा फिरत होती. होळकरांनी १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या (हा मॉन्सन वेगळा, जुना कधीच गेला होता) फौजेची दाणादाण उडवली. भरतपूरच्या तटावर लेक चारदा धडकला आणि परतला. कंपनीचं कर्ज फुगलं. लंडनच्या व्यापाऱ्यांना नैतिक प्रश्नापेक्षा खातेवही लवकर कळते. रिचर्ड वेलस्लीला परत बोलावलं गेलं, त्याच्या जागी कॉर्नवॉलिस पुन्हा आला आणि १८०५ च्या ऑक्टोबरात गाझीपूरला मेला. तेव्हा गव्हर्नर जनरलची खुर्ची रिकामी झाली, आणि इथे फ्रान्सिसची खरी जखम आहे. त्याला ती खुर्ची हवी होती. तरुणपणापासून हवी होती. १८०६ मध्ये त्याच्या मित्रांचं, फॉक्सच्या पक्षाचं सरकार आलं, तरीही मिळाली नाही. बाथचा सरदारकीचा मान देऊन बोळवण केली. ‘सर’ झाला, फॉक्सवर रुसला.

त्याच १८०६ मध्ये आर्थर वेलस्ली राय या मतदारसंघातून खासदार होऊन कॉमन्समध्ये आला. लखनौला व्यापार केलेल्या जेम्स पॉल नावाच्या खासदाराने रिचर्डवर आरोपपत्रं आणली होती, त्यांना उत्तर द्यायला. केळण्याचा उतार ओलांडणारा आणि त्या युद्धाला नाही म्हणणारा, दोघं काही काळ एकाच छताखाली बसले. एकाला पुढे ड्यूक व्हायचं होतं. दुसरा १८०७ मध्ये सभागृहातून कायमचा बाहेर पडला.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. फ्रान्सिसला मराठ्यांबद्दल प्रेम होतं का? नव्हतं. हेस्टिंग्ज एका बाजूला असता तर हा दुसऱ्या बाजूला असता, हेही खरं. त्याला स्वतःला कलकत्त्याची खुर्ची मिळाली असती तर त्याने तैनाती फौजा परत बोलावल्या असत्या, यावर मी पैज लावणार नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहा. १८०४ मध्ये हेस्टिंग्ज कुठेच नव्हता. सभागृहात विरोध करून फ्रान्सिसच्या पदरात काही पडणार नव्हतं, उलट हवी ती खुर्ची दूर जाणार होती. तरी तो तेच बोलला जे त्याने १७७५ मध्ये राघोबाच्या वेळी कौन्सिलच्या कागदावर लिहिलं होतं. तीस वर्षांनी, हजारो मैलांवरून, तोच मुद्दा, तीच भाषा. द्वेषातून उगवलेला मुद्दा तीस वर्षांत द्वेष विसरून स्वतःच्या पायावर उभा राहतो, असं मला तरी त्याचे कागद पाहून वाटतं. माझ्या एका इतिहासकार मित्राला हे अजिबात मान्य नाही. तो म्हणतो, तुला केळण्याकाठी उन्हात फिरून हळवेपणा आलाय. असेलही.

एक तक्रार मात्र माझीही आहे. फ्रान्सिसच्या युक्तिवादात राष्ट्राची अब्रू आहे, कंपनीचं कर्ज आहे, कायदा आहे. वरूडचा माणूस नाही. वेलस्लीने निदान दुर्बिणीतून तरी त्या दोन गावांकडे पाहिलं, त्यांची पायवाट ओळखली, मग भले ती तोफा न्यायला वापरली. विरोध करणाऱ्याच्या नजरेला तेवढंही पडलं नाही.

मी त्या काकांना शेवटी म्हटलं, गाड्यांचा उतार दाखवा. त्यांनी हात केला, “त्या बाभळीच्या खालून. पण आज उतरू नका, गाळ बसलाय. उद्या बैल उतरले की कळतं कुठं पाय द्यायचा ते.” मी काठावरच थांबलो.

१८०३ च्या डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. जालना शिंद्यांकडून सुटून निजामाच्या ताब्यात गेलं आणि नंतर तिथे छावणी बसली. पंधरा वर्षांनी, ३ जून १८१८ ला दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्ज वारला. जहाजाने बातमी लंडनला जायला त्या काळी पाच-सहा महिने लागत, म्हणजे पेशवाई संपल्याचं तिथल्या वर्तमानपत्रांत छापून आलं असेल तेव्हा सर फिलिप फ्रान्सिसचे शेवटचे दिवस चालू होते. २३ डिसेंबर १८१८ ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तोही गेला.